फाटकातून आत गेलेली म्हातारी

दिवे मालवले, पडदा उजळला आणि इबिदुन अकिनसेते पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. सिनेमा तिला तोंडपाठ होता. तिला बघायची होती माणसं.

लागोसमधल्या सुरुलेरेच्या त्या थिएटरात भर दुपारी तिने हरतऱ्हेची माणसं गोळा केली होती. तेजुओशो बाजारातल्या कापडवाल्या बायका, याबाच्या कॉलेजातली पोरंपोरी, दान्फो, म्हणजे पिवळ्या मिनीबस, चालवणारे ड्रायव्हर, चर्चचं एक आख्खं गायनमंडळ. तिकीट नाही, वर पफ-पफचे गरमागरम तळलेले गोळे फुकट. अट एकच, शेवटी खरं बोलायचं.

'लोहाराची फौज' हा कोकर पिक्चर्सचा आजवरचा सगळ्यात मोठा सिनेमा. घोडे, तलवारी, एपेच्या बाहेर उभारलेलं आख्खं गाव, आणि भाषा अस्सल योरुबा. नाताळात तो देशभरच्या थिएटरांत लागायचा होता. त्यानंतर 'झिवा' नावाची स्ट्रीमिंग कंपनी तो जगभर घरोघरी दाखवणार होती. सिनेमा लोकांपर्यंत पोचवायचं खातं इबिदुनकडे होतं, आणि टाळ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लागोसची माणसं भिडेखातरसुद्धा टाळ्या वाजवतात. अंधारातला फोन मात्र खोटं बोलत नाही. कंटाळा आला की हात आपसूक खिशात जातो आणि चेहऱ्यावर निळा उजेड पडतो.

पहिली लढाई झाली. इकडेतिकडे एखादाच चेहरा निळा झाला. मग राजपुत्राने टेकडीवर उभं राहून मातृभूमीवर लांबलचक भाषण ठोकलं, आणि मागच्या रांगा काजव्यांनी भरल्यासारख्या दिसायला लागल्या.

तेवढ्यात पडद्यावर म्हातारी आली.

फौजेच्या तळावर पाम तेल विकणारी, कमरेत वाकलेली, तोंडाची फटकळ. सेनापतीला कांदा कापताना बघून ती म्हणाली, "एवढी मोठी तलवार बाळगतोस मेल्या, आणि कांद्यापुढे रडतोस?"

थिएटर फुटलं. एका कापडवालीने हसता हसता शेजारणीच्या पाठीत गुद्दा घातला. फोन कुठल्या कुठे गेले. म्हातारी जेमतेम तीन प्रसंगांत होती. तिसऱ्यात ती डोक्यावर तेलाचं मडकं घेऊन एकटीच शत्रूच्या शहराकडे निघाली. फाटक उघडलं, ती आत गेली, फाटक लागलं. पुढे घोडे, आग, राजपुत्राचा विजय, सगळं झालं. म्हातारी काही परत आली नाही.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. इबिदुनने माईक घेतला. "बोला, कसा वाटला?"

एक धिप्पाड कापडवाली उठली. "सिनेमाचं राहू दे बाजूला. म्हातारीचं काय झालं ते सांग."

"मारली असेल तिला," एक ड्रायव्हर म्हणाला.

"मारली? जीभ आवर! ती मरणारी बाई आहे होय?"

"मग दाखवली का नाही परत?"

"तेच तर विचारतेय मी! गाढवा, तुला काय वाटलं, मी नाच करायला उठले?"

गायनमंडळाचे मुख्य गायक म्हणाले की म्हातारी आतून फाटक उघडायला गेली असणार. पोरं म्हणाली, नाही, तिने तेलात विष कालवलं असणार. कॉलेजची एक मुलगी जवळजवळ रडवेली झाली होती. हॉलभर वाद पेटला, लोक खुर्च्यांवर चढून बोलायला लागले, राजपुत्राचं नावही कुणी घेईना.

इबिदुनच्या अंगावर सर्रकन काटा आला. परकी माणसं एका पात्रापायी एकमेकांच्या अंगावर धावून जात होती! ही गोष्ट विकत मिळत नाही. जाहिरातीने होत नाही. ती झाली की झाली, आणि आत्ता तिच्या डोळ्यांदेखत झाली होती.

शेवटच्या रांगेत दिग्दर्शक ओसाझे डोकं धरून बसला होता. ती त्याच्याजवळ गेली. "ओसाझे, तो शेवट कुठाय? म्हातारीचा?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. "लिहिला होता. पण शूट करायच्या आधीच आल्हाजांना घरी पाठवलं ना आपण."

म्हातारीचं काम करणाऱ्या सिदिकात, हज करून आल्यापासून सगळ्यांच्या आल्हाजा, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्याची राणी. त्यांची कॅसेट आली की इदुमोताच्या दुकानांपुढे रेटारेटी व्हायची. पण झिवाचं म्हणणं पडलं की त्यांचा प्रेक्षक तरुण आहे, म्हातारीचं काम आटोपतं घ्या. स्टुडिओचे मालक कोकर साहेबांनी मान डोलावली आणि सेटवर फोनवरून निरोप धाडला, आल्हाजांचं काम संपलं. आल्हाजांनी अंगावरचा पोशाख उतरवला, घडी करून ठेवला आणि कुणाशी एक अक्षर न बोलता अबेओकुटाला घरी निघून गेल्या.

*

"एका म्हातारीसाठी पुन्हा घोडे आणायचे?" सिजुवादे कोकर म्हणाले. इकेजाच्या ऑफिसात ते टेबलामागे ताठ बसले होते. शिक्षण लंडनचं, शर्टाला सुरकुती नाही, आणि बोलणं नेहमी अर्ध्या आवाजात.

"म्हातारीसाठी नाही सर, सिनेमासाठी," इबिदुन म्हणाली. तिला खुर्चीत बसवतच नव्हतं. "मी आजवर किती चाचणी खेळ केले असतील! असं कधी बघितलं नव्हतं. लोक थिएटरातून बाहेर पडून बस स्टॉपवरसुद्धा भांडत होते."

"वंगेची काय म्हणेल?"

वंगेची नैरोबीत बसायची. आख्ख्या आफ्रिकेत झिवाने काय घ्यायचं, ते ती ठरवायची.

"वंगेचीला आकडे लागतात. लोक शेवटपर्यंत बसले की आकडे आपोआप येतात. आणि हे लोक शेवटानंतरही बसले होते."

कोकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. लाव फोन आल्हाजांना."

"लावला सर. त्या माझ्याशी बोलत नाहीत. निरोप दिलाय फक्त." इबिदुन क्षणभर थांबली. "म्हणाल्या, ज्याने मला निरोपावर घालवलं, त्याने स्वतःच्या पायांनी यावं."

साहेब उठून कोट घ्यायला गेले, थबकले, आणि कोट तसाच ठेवून कपाटातला पांढरा अग्बादा, योरुबांचा पारंपरिक पायघोळ झगा, काढला. इबिदुनने ओठ दाबून धरले. हसणं बरं दिसलं नसतं.

*

सांगो ओटाच्या खड्ड्यांतून गाडी आपटत, धडपडत अबेओकुटाला पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आल्हाजा व्हरांड्यात पानावरचा ओफादा भात आणि हिरव्या मिरचीचं झणझणीत कालवण खात बसल्या होत्या. अंगावर निळीत रंगवलेलं अदिरे कापड, डोक्याला त्याच कापडाचा 'गेले' नावाचा फेटा. गाडी बघून त्यांनी घास थांबवला नाही.

इबिदुनने दोन्ही गुडघे टेकून नमस्कार केला.

"ये पोरी. रस्त्याने हाडं खिळखिळी झाली असतील. बस." मग नजर वर. "आणि हे कोण? लांबून पाहुणे आलेत वाटतं."

कोकर साहेबांनी पुढे होऊन जरासं वाकत बोटांची टोकं जमिनीला लावली. लागोसची हल्लीची पुरुषमंडळी करतात तसं.

आल्हाजांनी त्यांच्या पायांशी निरखून बघितलं. "काय रे, काही पडलं का तुझं? सापडलं?"

शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून खिदळणं ऐकू आलं. समोरच्या कापड रंगवणाऱ्या बायका निळे हात पुसत कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी फोन वर केला, मग दुसऱ्याने.

"आल्हाजा," साहेब म्हणाले, "झालं ते चुकलं. मला तुमच्याशी स्वतः बोलायला हवं होतं."

"मोठ्याने बोल बाबा. मी जुन्या काळातली. आमच्या वेळेला माईक नव्हते, सगळ्या हॉलला ऐकू जायला लागायचं."

साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापलेल्या इबिदुनला दिसत होत्या. आता ते मागे वळतील, गाडीत बसतील आणि संपलं. ते वळले नाहीत. त्यांनी अग्बाद्याच्या बाह्या सावरल्या, गुडघे टेकले, हात टेकले, आणि त्या धुळीत छाती टेकवून सपशेल आडवे झाले. पूर्ण दोबाले, योरुबांचा साष्टांग नमस्कार. आजोबांच्या पिढीने घातला असता तसा.

"आल्हाजा, मला माफ करा!" या खेपेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

आल्हाजांनी पान बाजूला सारलं. हात धुतले. सावकाश उठल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता आणखी एक सणसणीत टोला. पण त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. साहेबांच्या घराण्याची ओरिकी, पिढ्यान्‌पिढ्यांची बिरुदावली.

"खडकाच्या आडोशाला वाढलेल्याचा तू नातू, नदीने हाक मारली तरी घर न सोडणाऱ्याचा तू पणतू. तुझ्या बापाने इदुमोतात खांद्यावरून कॅसेटी वाहिल्या, माझं तोंड त्याने घराघरात नेलं. ऊठ, त्याच्या लेका, धूळ तुझी नव्हे, धूळ तुझ्या वाटेची..."

रंगारी बायकांनी शेवटच्या शब्दावर ठेका धरला. न्हावी कात्री वाजवत ताल द्यायला लागला. गल्ली भरून गेली. कोकर साहेब उठून गुडघ्यांवर बसले होते, छातीवर धुळीचा भलामोठा लाल पट्टा, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. बाप जाऊन किती वर्षं झाली होती. त्याच्या नावाची ओरिकी त्यांनी बहुधा तेव्हापासून ऐकली नव्हती.

गाणं संपलं तशा आल्हाजा खाली आल्या आणि त्यांनी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवलास का?"

"नाही."

"मग बस. रिकाम्या पोटी मी कुणाशी कामाचं बोलत नाही."

जेवताना कामाचं बोलणं झालंच. आल्हाजांनी चाचणी खेळाची हकीगत इबिदुनकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. कापडवालीचं वाक्य आलं की लहान मुलीसारख्या मांडीवर थाप मारायच्या. "'ती मरणारी बाई आहे होय' असं म्हणाली? अगं, तिला माझ्याकडून पाच वार अदिरे दे!"

*

परतीच्या वाटेवर, इफोच्या पुढे, इबिदुनचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. तिने उघडून बघितलं आणि पाठीचा कणा ताठ झाला. कुंपणापलीकडच्या कुणीतरी चित्रण इंटरनेटवर टाकलं होतं. साहेब धुळीत आडवे, वर आल्हाजा गाताहेत. बघणाऱ्यांचा आकडा नजरेसमोर पळत होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

तिने फोन पुढे केला. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "काढायला लाव. आत्ताच्या आत्ता. वकिलांना फोन कर. कोकर पिक्चर्सचा मालक रस्त्यावर लोळतोय, हे बँकवाल्यांनी बघायचं?"

"सर, जरा खालचं वाचा ना."

"नको मला लोकांची टवाळी."

"टवाळी नाहीये!" तिचा आवाज एवढा चढला की ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "ऐका. 'मालक असावा तर असा.' 'माझ्या आईला दाखवलं, ती रडायला लागली.' 'आल्हाजा अजून गातात? देवा, मी लहान होतो तेव्हा...' आणि हे बघा, हे तर सगळेच विचारताहेत. 'कुठल्या सिनेमासाठी गेला होता हा?' सर, आपण गेले कित्येक महिने रस्तोरस्ती फलक लावले, तेव्हा हा प्रश्न एकानेही विचारला नाही. आता लोक आपणहून विचारताहेत आणि आपण वकील लावायचे?"

साहेबांनी फोन हातात घेऊन खालचं वाचायला घेतलं.

"काढू नका. त्याच्याखाली फक्त सिनेमाचं नाव आणि तारीख लिहू दे मला. बाकी एक शब्द नको. पटलं नाही तर उद्या मला कामावरून काढा. पण निरोप पाठवू नका, समोर बोलवून काढा."

शेवटचं वाक्य तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि गाडीच्या स्पीकरवर त्यांच्या आईचा आवाज गडगडला. "सिजू! बघितलं मी! हजारदा बघितलं! तुझे बाबा असते तर आज... आणि काय रे, पांढरा अग्बादा घालून धुळीत लोळायला कुणी सांगितलं होतं? तो डाग जन्मात निघायचा नाही!"

ड्रायव्हरला हसू आवरेना. मग इबिदुनलाही. साहेबांनी स्वतःच्या छातीवरच्या लाल पट्ट्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना आवाज करून हसताना बघत होती.

"लिही," ते डोळे पुसत म्हणाले. "तारीख मोठ्या अक्षरात."

ओटा यायच्या आत नैरोबीहून वंगेचीचा फोन आला. तिने नमस्कारसुद्धा केला नाही. "इबिदुन, ती बाई सिनेमात आहे ना? किती वेळ आहे?"

"तुम्ही कमी करायला लावला तेवढा."

पलीकडे वंगेची हसली. "बरं बाई, हरले मी. वाढवा."

*

एपेच्या सेटवर घोडे पुन्हा आले. फाटकाला नवा रंग चढला. ओसाझेने लिहिलेला शेवट साधा होता. बाहेर सगळी फौज श्वास रोखून उभी, आत काय चाललंय कुणाला ठाऊक नाही. फाटक उघडतं. आतून शत्रूची फौज येत नाही, म्हातारी येते. तिच्या मडक्यातून तेलाऐवजी तलवारींच्या मुठी बाहेर डोकावताहेत. आतल्या उपाशी शिपायांना जेवू घालून, झापून, तिने त्यांची हत्यारं गोळा करून आणलीत.

"तयार?" ओसाझे ओरडला. "चला!"

फाटक करकरत उघडलं. आल्हाजा निघाल्या. डोक्यावरचं मडकं जराही हलत नव्हतं. त्या अर्ध्या वाटेवर आल्या आणि राजपुत्राचा घोडा बिथरला. खिंकाळला, पुढचे पाय उचलून थेट त्यांच्या समोर आला. इबिदुनच्या हातातली बाटली गळून पडली. ओसाझेने थांबवायला तोंड उघडलं.

आल्हाजा थांबल्या. मडकं तसंच, मान तशीच. घोड्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "ए! मी आख्खं शहर गप्प करून आलेय. तू कोण रे?"

घोड्याने पाय खाली टेकले. नाक फुरफुरवलं. आल्हाजांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि चालत राहिल्या. राजपुत्र झालेला नट घोड्यावर इतका अवाक होऊन बसला होता की तसा अभिनय त्याला सबंध सिनेमात जमला नव्हता.

"थांबा!" ओसाझे किंचाळला आणि लगोलग जमिनीवरच बसला. "मिळालं! कॅमेऱ्यात आलं ना? सांगा मला, आलं ना?"

"आलं!" कॅमेऱ्यामागून ओरडा उठला, आणि मग शिपाई, लोहार, स्वयंपाकी, सगळे एकदमच नाचायला लागले. आल्हाजा मात्र मडकं उतरवत म्हणाल्या, "आधी हे कुणीतरी घ्या रे. यात खरं लोखंड कुठल्या शहाण्याने भरलं?"

*

नाताळच्या आधल्या शुक्रवारी, हरमाटानच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यातल्या धुरकट सकाळी, सिनेमा लागला. लेक्कीच्या मॉलमध्ये इबिदुन पहिल्या खेळाला पोचली तेव्हा बायका डोक्याला निळे अदिरे गुंडाळून आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुणा एकीने बांधलं, तिचा फोटो फिरला आणि बाकीच्यांनी उचललं. पोरं कमरेत वाकून एकमेकांना "तू कोण रे?" विचारत होती. जाहिरातीत तेवढंच वाक्य दिलं होतं, आणि आठवडाभरात ते बाजारात, बसमध्ये, शाळेत, जिकडेतिकडे चालू होतं.

वंगेची खास नैरोबीहून आली होती. पहिला खेळ तिने आल्हाजांच्या शेजारी बसून बघितला. फाटक उघडलं आणि आतून म्हातारी बाहेर पडली, तेव्हा थिएटरात असा कल्लोळ उठला की घोड्याला म्हटलेलं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. ज्यांना ऐकायचं होतं ते बाहेर पडल्या पडल्या पुढच्या खेळाच्या तिकिटासाठी धावले.

बाहेर कोकर साहेब आणि वंगेची एका कोपऱ्यात उभे होते. "तुम्हाला हवी होती त्या इंग्रजी आवृत्तीचं काय ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"कसली इंग्रजी?" वंगेची म्हणाली. "मला योरुबा येत नाही, तरी मी रडले. असाच दाखवू, खाली अक्षरं देऊ. थिएटरांत चालेल तेवढा चालू द्या, मग आमच्याकडे. आणि दुसरा भाग कधी लिहिताय?"

"दुसऱ्या भागाचं माझ्याशी बोला," आल्हाजा मागून म्हणाल्या. "मेलेली नाही मी अजून." आणि दोघांनाही दंडाला धरून जेवायला घेऊन गेल्या. जाता जाता साहेबांनी वळून इबिदुनला खूण केली, तूही चल.

"येते," ती म्हणाली, पण गेली नाही. तिला त्या गर्दीत पुन्हा एकदा बसायचं होतं. ती थिएटरच्या दाराशी आली आणि नेहमीच्या सवयीने सरळ आत शिरायला लागली.

"ओ बाई!" एका दणकट हाताने तिचा झगा धरला. निळा गेले बांधलेली, काखेत पोर घेतलेली एक बाई तिच्यावर डोळे वटारून उभी होती. "कुठे घुसताय? आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत? रांग मागून आहे!"

"मी... माझं इथे..." इबिदुनने गळ्यातलं स्टुडिओचं ओळखपत्र दाखवायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. "चुकलं हं. रांग कुठवर आहे?"

"जा चालत. संपली की सांगा मला."

इबिदुन चालत निघाली. रांग दाराशी सुरू झाली होती, ती जिन्यावरून खाली गेली होती, चपलांच्या दुकानाला वळसा घालून, काचेच्या दारांतून बाहेर, गाड्यांच्या तळावर उन्हात पसरली होती. माणसं हसत होती, ढकलत होती, अजून न बघितलेल्या सिनेमावरून आतापासूनच पैजा लावत होती. चालता चालता तिचा वेग वाढला, आणि शेवटी ती चक्क पळायलाच लागली.

टोक सापडलं तेव्हा तिला धाप लागली होती. शेवटी उभ्या असलेल्या आजोबांनी वळून विचारलं, "काय गं पोरी, मिळेल का आपल्याला तिकीट?"

"नाही मिळालं तर पुढच्या खेळाला थांबू या आजोबा," ती म्हणाली आणि त्यांच्यामागे उभी राहिली.